शहाण्णव

खिडकीआडच्या कारकून बाईंनी अर्जाचा कागद पुढे सरकवला, त्यावर पेनाच्या टोपणाने दोनदा टकटक केलं आणि म्हणाल्या, "एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, काका. मागल्या आठवड्यात एकाने रक्तगट लिहिला नाही. म्हणे, रक्त आहे एवढं नक्की. गेला परत." त्याने मान हलवली, थोडा हसलाही, आणि भिंतीलगतच्या बाकावर मांडीवर पिशवी, पिशवीवर कागद असा थाट मांडून बसला. नाव, पत्ता, वय, शिक्षण. वयाच्या रकान्यात चव्वेचाळीस लिहिताना त्याने आकडा जरा ठळकच गिरवला, कारण समोरच्या सूचनाफलकावर पंचेचाळीस पूर्ण झालेल्यांना प्रवेश नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पुढची तुकडी निघणार सहा महिन्यांनी, आणि त्याला पंचेचाळीस पूर्ण व्हायला राहिले होते दोन महिने. म्हणजे ही तुकडी नाही तर कुठलीच नाही. अर्ज घेण्याची मुदत आज दुपारी एक वाजेपर्यंत. जागा उरली होती एक. सातव्या रकान्यापर्यंत पेन तेल घातल्यासारखं चाललं. आठव्याशी थांबलं. 'यापूर्वी आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचं प्रशिक्षण घेतलं आहे का? असल्यास किती तास? अपूर्ण सोडण्याचं कारण?' कारण या शब्दापुढे दीड बोट जागा होती. त्या दीड बोटाकडे बघता बघता त्याच्या कानशिलाशी काहीतरी ठोकायला लागलं, आणि सवयीने, गेल्या सात महिन्यांत जडलेल्या त्या वाईट सवयीने, तो ठोके मोजू लागला.

सकाळी बायकोने डबा हातात देताना बजावलं होतं, "हे बघा, लाजू नका. अर्धं झालंय म्हणून छातीठोकपणे सांगा. आणि सांगा की अकरा वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही." तो बूट घालत होता. घरात अजून खोकी तशीच होती. या शहरात येऊन पाच आठवडे झाले तरी स्वयंपाकघराचं एक आणि कपड्यांची दोन एवढीच खोकी फुटली होती. बायको चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात तपासनीस, तिची बदली झाली म्हणून ही उठाठेव. "गाडीचं कोण विचारतंय," तो पुटपुटला. "का नाही विचारणार? अकरा वर्षं दुसऱ्यांना वाट काढून दिलीत, आता जरा स्वतःची काढा," ती म्हणाली, आणि त्याच्या सदऱ्याच्या कॉलरवरचा दोरा दातांनी तोडला. ती इतकी जवळ आली की तिच्या गळ्याच्या खळग्यातली शीर उडताना त्याला दिसली. त्याने चटकन नजर फिरवली. हल्ली त्याला माणसांकडे नीट बघता येत नसे. बसमध्ये समोर बसलेल्याचा गळा दिसे, दुकानदाराचं मनगट दिसे. आख्खा माणूस दिसायच्या आधी त्याचं ते धडधडणारं ठिकाण दिसे, आणि मग मोजणं सुरू होई. बायकोला वाटत होतं, नवरा नव्या गावात बुजलाय. बुजलेला तर होताच. पण घोडं बुजतं ते रस्ता नवा म्हणून नव्हे, मागचं काहीतरी ध्यानात राहिलेलं असतं म्हणून.

हे ठिकाण सापडायलाही तीन आठवडे लागले होते. पहिल्या पत्त्यावर गेला तर प्रशिक्षण केंद्राच्या जागी सायकलींचं दुकान, दुकानदार म्हणाला, "ते होय? ते गेले. कुठे गेले विचारू नका, आमचंही भाडं बुडवून गेले." दुसरीकडे पस्तिशीच्या पुढे घेत नव्हते, तिथल्या तरतरीत मुलीने त्याच्या कानांवरचे पांढरे केस पाहून, अगदी मऊपणाने, ज्येष्ठांसाठी प्रथमोपचाराचं दोन तासांचं शिबिर आहे असं सुचवलं. तिसऱ्या जागी तर शनिवार-रविवारात तंत्रज्ञ करून देतो म्हणाले, प्रमाणपत्र चौकटीसकट. तो चौकटीकडे बघत उभा राहिला आणि त्याच्या मनात आलं, दोन दिवसांत माणूस काय शिकेल? मग लगेच दुसरं आलं: तू पाच महिन्यांत काय शिकलास? त्या दुकानातून तो असा बाहेर पडला, जणू आतून कुणी धक्का मारला. चौथा पत्ता हा. जुन्या इमारतीचा दुसरा मजला, लांबलचक ओवरी, शेवटी बंद दार, दारामागून एका सुरात येणारे आकडे: एक आणि दोन आणि तीन आणि. छाती दाबण्याचा सराव चालू होता. हा सूर ऐकून त्याला रडू यायचं तेवढं राहिलं होतं, कारण खरं सांगायचं तर त्याला याच्याइतकं जगात दुसरं काही नको होतं. नुसती गाडी हाकायला तो आता जाऊ शकत नव्हता. जो हात चुकला तो हात कुणीतरी धरून, वळवून, पुन्हा पहिल्यापासून शिकवल्याशिवाय घरी परत नेववत नव्हता. वेडं खूळ म्हणा. पण माणसाला देव अशीच एखादी खुंटी देतो आणि म्हणतो, लटक आता.

अकरा वर्षं तो चालक होता. रुग्णवाहिकेचा पुढचा भाग त्याचा, मागचा मोठ्या बाईंचा. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ. आडव्या बांध्याच्या, बोलायला फटकळ, आणि रोग्याजवळ गेल्या की एकदम बारीक आवाजात बोलणाऱ्या. त्याला 'सारथी' हे नाव त्यांनीच ठेवलं. "सारथ्या, तू रथ हाक, युद्ध मी बघते." मधल्या काचेतून आणि वरच्या आरशातून त्याने त्यांचं युद्ध अकरा वर्षं पाहिलं. मग त्यांनीच एक दिवस म्हटलं, "किती दिवस आरशात बघणार? मागे ये. शीक." त्याच महिन्यात तो वर्गाला बसला. वर्गात सगळी विशीतली पोरं, हा एकटा काका. आणि तिथेच ते झालं, इतकं बारीक की त्या वेळी ते झालं हेसुद्धा कुणाला कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात नाडीचा पाठ होता. त्या दिवशी दुसरा चालक आजारी, गाडीवर माणूस नाही. शिकवणारे म्हणाले, "तुम्ही जा हो खुशाल. अकरा वर्षं हेच बघताय, तुम्हाला नाडी काय शिकवायची?" त्यालाही ते बरं वाटलं. कसं नाही वाटणार? सगळ्यांदेखत कुणीतरी आपल्याला जाणता म्हटलं. त्याने हजेरीवर सही केली आणि गाडीवर गेला. न बसलेल्या पाठाची हजेरी. पुढे या गोष्टीचा विचार करताना त्याला नेहमी ती सहीच पहिली आठवायची, निळ्या शाईची, शेवटी ऐटीत मारलेल्या फाट्याची.

मग ती दुपार. जुन्या गावातलं एक घर, रस्त्यावरून सरळ वर चढणारा दगडी जिना, दोन माणसं शेजारी उभी राहिली तर तिसऱ्याने श्वास आवरावा इतका अरुंद. पथकात दोघंच: बाई आणि तो. वर चटईवर चित्रकलेचे निवृत्त मास्तर पडलेले, उशाशी त्यांची सून, तिच्या हातात पाण्याचा पेला तसाच. मास्तरांच्या बोटांना निळा रंग लागला होता, ओला. बाईंनी प्राणवायूचा सिलिंडर खाली ठेवला आणि चावी फिरवायला गेल्या तर ती अडकली. "सारथ्या, नाडी बघ," त्या मान वर न करता म्हणाल्या. तो गुडघ्यावर बसला. अकरा वर्षं आरशात पाहिलेलं दृश्य: एक हात दुसऱ्या हाताचं मनगट धरतो. त्याने मास्तरांचं मनगट धरलं, अंगठा शिरेवर टेकवला, घड्याळाकडे पाहिलं. लागली. लगेच लागली, अशी स्पष्ट की त्याला आनंद झाला. पंधरा सेकंदांत चोवीस. चोवीस चोक शहाण्णव. "आहे बाई. शहाण्णव." "शहाण्णव? मग उचलू या," बाई म्हणाल्या. चावी तेवढ्यात सुटली होती. रोगी उचलायच्या खुर्चीत बांधून मास्तरांना त्या जिन्यावरून उतरवायला सहा मिनिटं लागली. मध्ये एकदा पट्टा कठड्याला अडकला. खाली गाडीत बाईंनी मानेला दोन बोटं लावली, आणि आरशात त्याला त्यांचा चेहरा दिसला. असा चेहरा त्याने अकरा वर्षांत पाहिला नव्हता. "चल," एवढंच त्या म्हणाल्या आणि दाबायला लागल्या. तो गाडी हाकत राहिला. मास्तर हाती लागले नाहीत. गाडीच्या कागदावर आणि आपल्या शिकाऊ नोंदवहीत त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं: घरी नाडी ९६. खाली बाईंची सही.

आठवड्याने वर्गात उजळणी होती. दोघादोघांनी एकमेकांची नाडी बघायची. त्याच्या जोडीला एक हसरी पोरगी आली, तिने हात पुढे केला, त्याने मनगट धरलं आणि ती खळखळून हसली. "काका, अंगठा नाही! अंगठ्याला स्वतःची नाडी असते. माझी बघताय की तुमचीच मोजताय?" सगळा वर्ग हसला. तोही हसला. हसत हसतच त्याने अंगठा काढला, दोन बोटं टेकवली, आणि त्या पोरीची नाडी त्याला लागेना. बोटं सरकवली तरी लागेना, कारण त्याच्या स्वतःच्या कानांत इतका मोठा आवाज चालला होता की बाहेरचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. एकोणीस पायऱ्या जड खुर्ची घेऊन धावत चढलेला माणूस. त्याच्या हृदयाचे ठोके किती असतील? शंभरच्या आसपास. शहाण्णव धरायला काय हरकत आहे?

तेव्हापासून तो प्रश्न घेऊन जगत होता. मास्तरांची असेलही. अंगठ्याखाली दोन्ही असू शकतात, त्याची आणि मास्तरांचीही, एकात एक मिसळून; असं होत असेल, का नाही होणार? देवळासमोरून जाताना हात जोडले की तो मनात म्हणे, देवा, तो आकडा मास्तरांचा असू दे. मग त्याची त्यालाच लाज वाटे. पुढच्यासाठी मागतात देवाकडे. मागचं बदलून दे म्हणून मागणारा माणूस देवालासुद्धा कोड्यात घालतो. पण ही अनिश्चिती त्याला जपून ठेवावीशी वाटे. धुगधुगत्या निखाऱ्यावर राख ओढावी तशी तो तिच्यावर रोज थोडी राख ओढी. माहीत नाही, या दोन शब्दांत अर्धी झोप मिळत होती. आणि उरलेली अर्धी बाईंमुळे मिळत नव्हती. कारण कागदावर काय होतं? घरी नाडी शहाण्णव, गाडीत नाडी नाही. म्हणजे मास्तर मधल्या जिन्यात गेले, बाईंच्या देखत, बाईंच्या हाताखाली. वरच्या डॉक्टरांनी खुलासा मागितला. बाईंनी दोन ओळी लिहून दिल्या: उतरवताना हलवाहलव झाली. जबाबदारी माझी. आणि महिन्याभरात गाडीवरून उतरून फोनच्या खोलीत बसायला मागितलं. लोक म्हणाले, गुडघे गेले बाईंचे. तो एकदा सांगायला गेला होता. फोनच्या खोलीला काच होती. काचेपलीकडे कानाला यंत्र लावलेल्या बाई कुणाला तरी त्या बारीक आवाजात धीर देत होत्या. त्यांनी त्याला पाहून हात हलवला. त्यानेही हलवला. आणि परत फिरला. पाच महिन्यांच्या शिक्षणाचा शेवट एवढाच; त्यानंतर तो वर्गाला गेला नाही. बायकोची बदली पुढे दोन महिन्यांनी आली, आणि त्याने तिला असं घट्ट धरलं की ती बिचारी चकित झाली: "अहो, तुम्हाला इतकी हौस होती गाव सोडायची?"

बारा वाजत आले होते. त्याने पेन उचललं. 'नाही' लिहिलं असतं तर सगळंच मिटत होतं, पण कारकून बाईंनी पिशवीतली जुनी नोंदवही मघाशीच पाहिली होती आणि "अरे वा, तास धरतील मग" असं म्हटलंही होतं. त्याने 'हो' लिहिलं. तास एकशे ऐंशी. कारण: स्थलांतर. दीड बोटात अगदी नेमकं बसलं. खोटं काय होतं त्यात? शहर बदललंच होतं. अर्ज खिडकीत दिला, कारकून बाईंनी वरून खाली नजर फिरवली, "झकास, बसा, मॅडम बोलावतील" म्हणाल्या. तो पुन्हा बाकावर बसला. बंद दारामागचे आकडे मध्येच थांबत, कुणीतरी दमून हसे, पुन्हा सुरू होत. त्याला घाम आला होता, आणि त्या घामाची त्याला चीड येत होती. स्थलांतर. केवढा भारदस्त शब्द. माणसाने पळ काढावा आणि त्याला असा शब्द मिळावा, म्हणजे चोराला पालखी मिळाल्यासारखंच.

प्रशिक्षक मॅडमची खोली लहान होती. भिंतीच्या फडताळात छाती दाबायच्या रबरी पुतळ्यांची अर्धी शरीरं एकावर एक रचलेली, सगळ्यांची तोंडं उघडी. मॅडम पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, नखं मुळापर्यंत काढलेली. अर्ज वाचताना त्या ओठ हलवत होत्या. "चालक होतात. छान. चालकाला एक खोड असते, सगळं आरशात बघायची. इथे आरसा नाही, चालेल ना?" त्याने मान हलवली. त्यांनी त्याची नोंदवही उघडली, पानं भरभर उलटत गेल्या आणि मध्येच थांबल्या. त्या कुठे थांबल्या ते त्याला उलटं दिसत असूनही कळलं. "अक्षर चांगलं आहे हो तुमचं," त्या म्हणाल्या. "हा कॉल बघा. घरी नाडी शहाण्णव, आणि सहा मिनिटांनी काही नाही." त्यांनी सहीवर बोट ठेवलं. "या कोण?" "मोठ्या बाई. म्हणजे... आमच्या तंत्रज्ञ." "हं. जिन्यात खेळखंडोबा केला असणार. जुनी माणसं, हात बसलेले, पण एकेकदा गाफील राहतात. तुम्ही शिकाऊ होतात, तुमच्याकडे दोष नाही." त्यांनी पान उलटलं. "तास धरू या आपण तुमचे. एकशे ऐंशी म्हणजे—"

"बाई गाफील नव्हत्या," तो म्हणाला.

आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. मॅडमनी पान अर्धवट उलटलेलं तसंच धरून ठेवलं. खरं तर त्याने गप्प बसायचं ठरवलं होतं. एक मिनिट, फार तर दोन, आणि जागा त्याची होती. पण एखाद्याच्या पाठीमागे, एका परक्या खोलीत, जन्मात न भेटलेल्या माणसाने त्याला गाफील म्हणावं, आणि आपण खुर्चीत बसून ते आपल्या खात्यावर जमा होऊ द्यावं? हे होईना. "अंगठ्याने बघितली मी," तो म्हणाला. "नाडीच्या पाठाला मी नव्हतो. हजेरी लावली होती, पण नव्हतो. अंगठ्याने बघितली, आणि शहाण्णव सांगितली. बाईंनी माझ्या आकड्यावर उचलायला सांगितलं." मॅडमनी पान सोडलं. ते आपोआप मिटलं. तो वाट बघत राहिला: आता त्या म्हणतील, होतं असं. किंवा म्हणतील, चालते व्हा. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. पण त्यांनी विचारलं, "मनगट का धरलंत? मान का नाही?"

"अकरा वर्षं मनगटच बघत आलो, आरशात."

"श्वास कसा होता?"

"चालू होता."

"कसा, ते विचारतेय. डोळे मिटा हवं तर. छाती हलत होती?"

त्याने खरंच डोळे मिटले. सात महिने तो त्या खोलीत रोज गेला होता, पण रोज मनगटाशीच. आता कुणीतरी त्याचा चेहरा धरून वर फिरवावा तशी त्याची नजर मनगटावरून निळ्या बोटांवर, बोटांवरून सदऱ्यावर, सदऱ्यावरून तोंडाकडे गेली. "मध्येच घोरल्यासारखा," तो म्हणाला. "एकदा मोठा. जबडा असा खाली. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग पुन्हा एकदा. सून म्हणाली, झोप लागली वाटतं, घोरतायत." बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवलाय.

"त्याला श्वास म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता, पण मऊही केलेला नव्हता. "आचके म्हणतात. हृदय थांबल्यानंतर येतात. तुम्ही हात धरलात तेव्हा त्यांची नाडी नव्हती. तो आकडा तुमचा होता."

खोलीतला पंखा फिरत होता. फडताळातली तोंडं उघडी होती. त्याला वाटलं होतं की हे वाक्य कधी ऐकावं लागलं तर आपण कोसळू. तसं काही झालं नाही. उलट कानशिलाशी चाललेला तो ठोक एकाएकी ऐकू येईनासा झाला, आणि त्या जागी एक लांबरुंद, रिकामी शांतता आली, सामान हलवून नेलेल्या घरात असते तशी. आता 'माहीत नाही' म्हणायची सोय संपली होती. "तिथेच दाबायला घेतलं असतं," तो अडखळत म्हणाला, "तर वाचले असते?"

"ते मी सांगणार नाही. कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कदाचित वाचले असते. बहुतेक वेळा नाही वाचत. पण संधी त्यांची होती, ती गेली." मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. "बाईंनीही मान बघायला हवी होती. पण आपल्या कामात एकाने दिलेल्या आकड्यावर दुसऱ्याला उभं राहावंच लागतं. नाहीतर दोघं कशाला पाठवतात? त्यांना हे माहीत आहे?"

"नाही."

"सात महिने?"

"सात," तो म्हणाला.

मॅडमनी अर्ज पुढे ओढला आणि 'स्थलांतर' या शब्दावर एक रेघ मारली, शाळेत मारतात तशी, सरळ. "ऐका. तुमचा एकही तास मी धरणार नाही. ज्या वहीत एक हजेरी खोटी आहे ती सगळी वही मला बंद. यायचं तर पहिल्या दिवसापासून, विशीतल्या पोरांबरोबर. सोमवारी सकाळी सात. मी सातला दार लावते, सात-एकला उघडत नाही. आणि तुमच्या जुन्या केंद्राला मला हे कळवावं लागेल. तो कागद दुरुस्त झालाच पाहिजे. मी आज पाच वाजता पत्र पाठवते. पाच वाजता," त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि त्याच्याकडे असं पाहिलं की त्या मुद्दाम मध्ये चार तास ठेवतायत हे त्याला समजलं. "पत्रातून कळणं वाईट. त्याच्या आधी माणसाकडून कळलं तर बरं."

"ते लोक काय करतील?" त्याने विचारलं. "माझं काही... म्हणजे जागा?"

"चौकशी करतील. काय निघेल मला माहीत नाही. तोवर जागा तुमची. नंतरचं नंतर. मी काही देव नाही." आणि मग, तो दाराशी पोचल्यावर, "अहो, अर्ज घ्या. कारणाच्या रकान्यात खरं लिहून खिडकीत द्या. मावलं नाही तर पाठीमागे लिहा. एक वाजायच्या आत."

त्याने पाठीमागे लिहिलं. उभ्याउभ्या, खिडकीच्या कठड्यावर कागद टेकवून, सुवाच्य अक्षरात अकरा ओळी. कारकून बाईंनी कागद उलटा करून वाचायला सुरुवात केली, तिसऱ्या ओळीशी थांबल्या, त्याच्याकडे बघितलं नाही, शिक्का मारला. मग पाण्याची बाटली मुकाट्याने खिडकीतून पुढे सरकवली. तो दोन घोट प्याला. ओवरीच्या टोकाला जिन्याजवळ एक खिडकी होती. खाली रस्त्यावर माणसं चाललेली, कुणी डोकं खाजवत, कुणी भांडत, आणि पहिल्यांदाच त्याला त्यांचे गळे आणि मनगटं दिसली नाहीत, नुसती माणसं दिसली, न मोजलेली. त्याने फोन हातात घेतला. बायकोला संध्याकाळी सांगता येईल. ती रागावेल, रडेल, मग जेवायला वाढेल. हे आधी. त्याने जुन्या गावातला तो क्रमांक काढला आणि लावला, आणि घंटा वाजत असताना त्याच्या मनात इतक्या वेगाने पळवाटा आल्या की त्याचं त्यालाच नवल वाटलं: त्या कामावर असतील, झोपल्या असतील, क्रमांक बदलला असेल.

"बोल रे सारथ्या!" बाईंचा आवाज तसाच, फटकळ, भरलेला. "सापडला का क्लास? की तिथेही सगळ्यांना वाट विचारत फिरतोयस?"

"बाई, बसलेल्या आहात का?"

"मी हल्ली बसलेलीच असते. का?"

त्याने सांगितलं. आधी हजेरीची सही, मग अंगठा, मग वर्गातली पोरगी, मग आचके. मध्ये त्याने कुठेही 'कदाचित' घातलं नाही. बोलताना तो खिडकीच्या गजाला इतका घट्ट धरून होता की हाताला वळ उठले. तो थांबला तेव्हा पलीकडे काहीच नव्हतं. फोन तुटला असेल असं वाटून त्याने तो कानापासून दूर धरून पाहिला. चालू होता, सेकंद पुढे सरकत होते. मग बाई बोलल्या, रोग्याजवळ बोलायच्या त्या बारीक आवाजात.

"सात महिने मी तो जिना उतरतेय रे. रोज. पट्टा कठड्याला अडकला ना, तिथे मी रोज थांबते. म्हणते, इथे गेले. इथे मी बघायला हवं होतं." श्वास ऐकू आला. "आणि तू म्हणतोस ते वरच, चटईवरच."

"हो बाई."

"काचेबाहेर येऊन उभा राहिला होतास एकदा. सांगायलाच आला होतास ना? मला वाटलं, सहज डोकावलायस."

"बाई, शिव्या द्या मला."

"देणारच आहे. फोनवर नाही देणार, वाया जातात. समोर ये." बाईंचा आवाज वर चढला, आणि चढता चढता जुना, फटकळ झाला. "आणि त्या सुनेकडे जायचंय. दोघांनी. ती मला वाटेत भेटली की रस्ता ओलांडून माझे हात धरते, म्हणते, तुम्ही खूप केलंत. रोज जाळते मला ती. तिला खरं सांगायचंय, तुझं आणि माझंही. मान मीही बघितली नव्हती. तू एकट्याने सगळं घेऊ नकोस, तेवढा मोठा नाहीस तू."

"रविवारी येतो. सकाळची बस आहे, दुपारी पोचते."

"आणि परत?"

त्याने मनात हिशेब केला. रस्ता त्याला पाठ होता. कुठे घाट, कुठे फाटक, कुठे चहासाठी चालक वीस मिनिटं मोडतो. "रात्रीच्या बसने. सोमवारी सहा-वीसला इथे लागते. सातला वर्ग आहे, पहिल्यापासून. सात-एकला दार उघडत नाहीत."

"म्हणजे जाताना बस, येताना बस, मधे त्या घरात जाऊन बसायचं, आणि सकाळी उठून पोरांबरोबर नाडी शिकायची." बाईंनी एकेक गोष्ट मोजून दाखवली. "मग झोपणार कधी रे गाढवा?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मोडला.